काय म्हणाला तो?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी माझ्या वडिलांशी खोटं बोललो. एवढंसंच, दोन शब्दांचं खोटं. जेवणं झाली होती, ताटं अजून ओट्यावरच होती, आणि टीव्हीवर 'शक्ती' लागला होता. आबा नेहमीसारखे टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसले होते. कानातलं मशीन त्यांनी काढून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. जेवताना स्वतःच्याच चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो म्हणून ते मशीन काढतात, आणि मग परत घालायचं राहून जातं. पडद्यावर विमानतळ आला. पुढे अमिताभ, मागे दिलीपकुमार. गोळी सुटली. बापानं मुलाला कुशीत घेतलं, आणि मुलगा काहीतरी बोलू लागला. आबांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "काय म्हणाला तो?" मी म्हणालो, "माफी मागतोय." त्यांनी "हं" केलं. थोड्या वेळानं उठून ते आत जाऊन पडले.

तो माफी मागत नव्हता.

'शक्ती' पाहिलेल्यांना तो शेवट वेगळा सांगायला नको. विजय, म्हणजे अमिताभ, बापाला म्हणतो, तुमच्यावरचं प्रेम मनातून काढून टाकायचा मी आयुष्यभर प्रयत्न केला, नाही जमलं. बाप म्हणतो, माझंही तुझ्यावर प्रेम आहे. आणि मग मरता मरता तो मुलगा विचारतो, मग कधी सांगितलं का नाही? हे वाक्य मला पाठ आहे. शेकडो वेळा ऐकलं असेल. पण आबांनी विचारल्यावर ते त्यांना सांगायचं, म्हणजे त्यांच्या कानाशी वाकून, घसा ताणून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या तोंडानं म्हणायचं, "मग कधी सांगितलं का नाही?" कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी कुजबुजता येत नाही. जे काही बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागतं, मग तो चहा असो, गोळ्या असोत, की हे. दुपारी अडीच वाजता, डोंबिवलीतल्या त्या खोलीत, मला ते जमलं नाही.

मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो गणपतीत, नायगावच्या पोलीस लाइनीत. सिनेमा येऊन दोनेक वर्षं झाली होती. वर्गणीतून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणला होता, दोन टेबलं एकावर एक चढवून त्यावर टीव्ही ठेवला होता, आणि बीडीडी चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत आम्ही पोरं रुमाल, पाट, चटया टाकून संध्याकाळपासूनच जागा धरून बसलो होतो. कुणाच्या तरी घरातून आणलेल्या उदबत्त्यांचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. आज आठवतं तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरते. ती पोलिसांची वस्ती होती, सिनेमा पोलीस बापाचा होता, आणि प्रेक्षकांत एकही बाप नव्हता. सगळे बंदोबस्ताला. गिरगाव, लालबाग, दादर चौपाटी, जो तो आपापल्या पॉइंटवर. बाया, म्हाताऱ्या आणि आम्ही पोरं. गुंडानं लहानग्या विजयला पळवून नेलं, बापाला फोन लावला, आमचा माणूस सोड नाहीतर पोराला मारतो म्हणाला. आणि त्या डीसीपी अश्विनीकुमारनं फोनवर सांगितलं की मारायचं तर मारा, मी कर्तव्याशी बेइमानी करणार नाही. पलीकडे उभं राहून ते पोर ऐकत होतं. चाळीत एवढी शांतता मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या एका काकूंनी पदर तोंडाला लावला होता. पुढे मोठा झालेला विजय बापासमोर ताठ उभा राहिला तेव्हा आम्ही सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बापासाठी कुणीच वाजवल्या नाहीत. आयांनीही आम्हाला गप्प केलं नाही, हे विशेष.

आबा पहाटे आले. बूट दारातच काढले, पायमोजे काढल्यावर घोट्याभोवती मोज्याच्या रबराचे खोल वळ दिसत होते. मी झोपेचं सोंग घेऊन पाहत होतो. आईनं सांगितलं, पोरांनी सिनेमा पाहिला. आबांनी विचारलं, "कोणता?" आईनं नाव सांगितलं. "हां," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

कर्तव्य हा शब्द सिनेमात भारदस्त वाटतो. आमच्या खोलीत तो एकशे साठ चौरस फुटांचा होता. खोली सरकारी, नोकरी असेपर्यंतच आपली. हे मला कळलं ते 1982 च्या ऑगस्टमध्ये, 'शक्ती' यायच्या दीड महिना आधी. मी नऊ वर्षांचा होतो. जानेवारीपासून गिरण्या बंद होत्या, परळ-लालबागचे भोंगे थांबले होते, आणि 18 ऑगस्टला पोलिसांचंच बंड झालं. पहाटे संघटनेच्या पुढाऱ्यांना उचललं, शिपाई रस्त्यावर उतरले, संपातले गिरणी कामगार त्यांच्यात मिसळले, आणि शेवटी शहरात लष्कर आणावं लागलं. मला एवढंच आठवतं की आईनं भर दिवसा दाराला आतून कडी घातली होती, आणि आबा स्टुलावर बसून खुंटीला टांगलेल्या वर्दीकडे पाहत होते. घालावी की न घालावी. ते शेवटी कामावर गेले की नाही, कधी गेले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. पुढे पुष्कळ जण बडतर्फ झाले. आमच्या मजल्यावरच्या एका कुटुंबानं महिनाभरानं सामान बांधलं. त्यांचा मुलगा माझ्या बाकावर बसायचा. हातगाडीवर त्यांचं कपाट चढवताना आबा खाली उतरले, एका बाजूनं त्यांनी खांदा दिला, आणि वर येऊन हात धुऊन न बोलता जेवायला बसले. त्या दिवसापासून मला वाटत आलं आहे की आबांचं मौन तिथून सुरू झालं. आई म्हणायची, तसं काही नाही, ते लग्नातही असेच होते.

नंतर आबा गुन्हे शाखेत गेले. क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आयुक्तांच्या कचेरीत. पोलिसांच्या घरात 'क्रॉफर्ड मार्केट' म्हटलं की भाजीबाजार कुणाच्या डोक्यात येत नाही. तिथे त्यांची ख्याती होती ती कानासाठी. मारहाणीसाठी नव्हे, हे मी अभिमानानं सांगतो. त्यांच्याबरोबर काम केलेले एक निवृत्त फौजदार एकदा मला म्हणाले होते, तुझ्या बापानं एकदा फोनवर आवाज ऐकला की माणूस दहा वर्षांनीसुद्धा ओळखायचा. खबऱ्याला बोलतं ठेवायचं, आपण मधे बोलायचं नाही, तो जिथे थांबतो तिथे खरी गोष्ट असते, असं आबा नव्या पोरांना शिकवायचे म्हणे. घरी तेच. मी बोलत राहायचो, ते ऐकत राहायचे, आणि मला वाटायचं माझा जबाब चालला आहे. चौदा-पंधराव्या वर्षापासून मी बोलणं कमी केलं. मग आमच्या घरात दोघे जण ऐकणारे झाले, बोलणारी एकटी आई.

'शक्ती' लिहिणाऱ्या दोघांबद्दल मी खूप नंतर वाचलं आणि बराच वेळ हातातलं पुस्तक मिटून बसलो. सलीम खान यांचे वडील इंदूरला पोलिसात मोठ्या हुद्द्यावर, डीआयजी होते, आणि सलीम पोरसवदा असतानाच गेले. जावेद अख्तर ऑक्टोबर 1964 मध्ये मुंबईत आले आणि सहा दिवसांत त्यांना वडिलांचं घर सोडावं लागलं. वडील जांनिसार अख्तर, नावाजलेले शायर. म्हणजे कागदाच्या एका बाजूला ज्याचा पोलीस बाप लवकर गेला तो, आणि दुसऱ्या बाजूला बाप असून ज्याला घर उरलं नाही तो. मुळात गोष्टीचा सांगाडा 1974 च्या शिवाजी गणेशनच्या 'तंगपदक्कम' या तमिळ सिनेमावरून घेतला आहे, हे खरं. पण टेलिफोनच्या पलीकडे उभं राहून अर्धंच वाक्य ऐकणारं ते पोर कुणाच्या काळजातून आलं, हे मला सांगाड्यात सापडत नाही. या दोघांच्या आधीच्या काही सिनेमांत अमिताभचा बाप एक तर परागंदा असतो किंवा आईला टाकून गेलेला असतो. अशा बापावर राग धरणं सोपं आहे. 'शक्ती'तला बाप रोज घरी येतो, एकाच छपराखाली राहतो, चांगला माणूस आहे, आणि तरी मुलाला तो मिळत नाही. मला हा सिनेमा इतरांपेक्षा अवघड वाटतो तो यामुळे.

आणि दिलीपकुमार. त्यांचे वडील लाला गुलाम सरवर फळांचे व्यापारी, क्रॉफर्ड मार्केटमध्येच, आबांच्या कचेरीच्या समोर. सिनेमाचं काम म्हणजे नौटंकी असं त्यांचं मत. म्हणून मुलानं नाव बदललं आणि घरी काही न सांगता काम करत राहिला. पहिला सिनेमा 1944 चा. वडिलांना कळलं ते 'जुगनू'च्या मोठ्या जाहिरातीवरून, राज कपूरच्या आजोबांनी बोट दाखवून विचारलं, ओळखतोस का हा कोण. फळांच्या पेट्यांच्या त्या गवती वासात, मान वर करून आपल्याच मुलाचा चेहरा दुसऱ्याच्या नावाखाली बघणारा तो बाप माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आबांबरोबर लहानपणी मी एक-दोनदा त्या बाजारात गेलो होतो. आंब्याच्या दिवसांत पेटी न घेता सुटे चार आंबे घ्यायचे आबा, प्रत्येकाचं देठ हुंगून. जो माणूस बापापासून स्वतःचं नाव लपवत होता, त्यालाच पुढे पडद्यावर न बोलणारा बाप व्हायचं होतं, आणि त्या कामासाठी त्याला फिल्मफेअरही मिळालं. लोक त्या सिनेमातली दोघांची जुगलबंदी बघतात. मी दिलीपकुमारच्या हातांकडे बघतो. मुलगा समोर आला की ते हात काय करावं हे न कळून कुठे कुठे ठेवले जातात.

1990 साली, बारावीची परीक्षा झाल्यावर, मी एक रात्र पोलीस ठाण्यात काढली. मित्रानं कुणाची तरी मोटरसायकल न विचारता आणली होती, मागे मी बसलो होतो, नाकाबंदीत सापडलो. कुठलं ठाणं ते महत्त्वाचं नाही. ठाणे अंमलदारानं माझं नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, बक्कल नंबर ऐकून थांबला, आणि फोन फिरवला. मी बाकावर बसून एकाच बाजूचं बोलणं ऐकत होतो. "हो. हो दादा. तुमचाच आहे. नाही, मारलं-बिरलं नाही... बरं... बरं, तुम्ही म्हणाल तसं." फोन ठेवून तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुझा बाप म्हणतो, बाकीच्यांचं जे होईल ते याचं." मग त्यानं मला चहा दिला, हेही सांगितलं पाहिजे. सकाळी समज देऊन सोडलं. बाहेर आई उभी होती, एकटी.

त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं मी आबांशी कामापुरतं बोललो. बँकेत लागलो, बदली मागून घेतली, लग्न ठरलं ते आईला कळवलं. ही काही सिनेमातली दुश्मनी नव्हती. कुणी कुणावर आवाज चढवला नाही. दिवाळीला पाया पडायचो, ते डोक्यावर हात ठेवायचे, हात लगेच उचलायचे. मी मनात ठरवून टाकलं होतं की फोनच्या पलीकडे माझ्या बापानं मला सोडून दिलं. 'शक्ती' मी त्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिला, आणि दर वेळी फोनच्या प्रसंगानंतर बंद केला. पुढे काय होतं ते मला नको होतं.

त्याच काळात 'अर्धसत्य'ही पाहिला, 1983 चा. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. त्यातल्या अनंत वेलणकर या फौजदाराचा बाप गावाकडचा निवृत्त पोलीस, बायकोवर हात टाकणारा, मुलाला त्याच्या मनाविरुद्ध वर्दीत घालणारा. तो बाप अमरीश पुरी. आणि आदल्याच वर्षी 'शक्ती'त विजयला पळवून नेणारा जे. के. तोही अमरीश पुरी. एका सिनेमात पोराला बापापासून तोडणारा, दुसऱ्यात स्वतःच बाप. मी बराच काळ आबांना त्या दुसऱ्या बापाच्या शेजारी बसवायचा प्रयत्न करत होतो, म्हणजे माझा राग शोभला असता. पण आबांनी आईवर कधी हात उचलला नाही, आणि पोलिसात जा असं मला कधी म्हणाले नाहीत. ते काहीच म्हणाले नाहीत.

आई 2012 मध्ये गेली. जायच्या आधी दवाखान्यात, इकडचं तिकडचं बोलताना, कुठल्या तरी नातेवाइकाच्या पोराचा विषय निघाला आणि ती मधेच म्हणाली, "तुला धरलं होतं ना, त्या रात्री आबा घरी नव्हते." मी म्हणालो, ड्युटीवर असतील, तिथेच फोन गेला होता ना. ती म्हणाली, "फोन आला आणि ते ड्युटी सोडून निघाले. त्यांनी ड्युटी सोडलेली मला तेवढी एकच ठाऊक. घरी आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी." मग कुठे होते? आईनं उशीवरच मान हलवली. तिनं विचारलं नव्हतं. मीही आजवर विचारलेलं नाही. ठाण्यासमोर पानाची टपरी होती, रात्रभर उघडी, तिच्या बाकड्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचं, एवढं मला आठवतं. त्या रात्री खिडकीतून मला काय दिसत होतं हे मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. बल्बभोवती किडे होते.

आई गेली त्या सकाळी मी पोचलो तेव्हा आबा कॅलेंडरखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. 'शक्ती'त राखी, म्हणजे विजयची आई, मरते, विजयला पोलिसांच्या पहाऱ्यात घरी आणतात, तो येऊन भिंतीशी बसलेल्या बापाजवळ बसतो आणि त्याचा हात धरतो. एक शब्द नाही. मी आबांच्या शेजारी बसलो आणि देवाशपथ, मला तो प्रसंग आठवला, आणि आठवल्याची लाज वाटली. आमचे दोघांचे हात फरशीवर होते. मधे चार बोटांचं अंतर असेल. माझी करंगळी हलली. तेवढ्यात कुणीतरी गंगाजल कुठे आहे म्हणून विचारत आलं आणि आबा उठले, कारण देव्हाऱ्यातली ती तांब्याची लोटी कुठे असते हे त्यांनाच माहीत होतं.

तेव्हापासून ते माझ्याकडे असतात. आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. ज्या कानांवर त्यांची सगळी नोकरी उभी होती ते आधी गेले. सुरुवातीला पत्करलं नाही, मग एक दिवस दाराची बेल ऐकू आली नाही आणि माझी मुलगी अर्धा तास जिन्यात बसून राहिली, तेव्हा आपण होऊन म्हणाले, चल, मशीन घेऊन येऊ.

अमिताभ बच्चन यांनी सांगितलेली एक आठवण आहे. विमानतळावरच्या त्या शेवटाची ते एकटेच तालीम करत होते आणि आजूबाजूला युनिटच्या लोकांचा गलका चालला होता. दिलीपकुमार कडाडले, नट तालीम करतो आहे, शांतता ठेवा. मला ही आठवण फार जवळची वाटते. मुलगा मरणाचे शब्द बोलून बघतो आहे, ते अजून नीट बसलेले नाहीत, आणि जो बाप होणार आहे तो सगळ्यांना गप्प करतो, त्याला ऐकू यावं म्हणून.

परवाच्या रविवारी मी आबांच्या मशीनचे सेल बदलले. बटणाएवढे असतात, पाठीवर तपकिरी कागद चिकटवलेला. तो कागद सोलला की सेल लगेच घालायचा नाही, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग घालायचा. मी तो तळहातावर धरून उभा होतो. आबा खिडकीशी बसून माझ्या हाताकडे बघत होते. टीव्ही बंद होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. मिनिट झाल्यावर मी सेल घातला, मशीन त्यांच्या कानात बसवलं, ते शीळ घालून गप्प झालं. मी समोर स्टुलावर बसलो आणि सवयीनं ओरडूनच म्हणालो, "आबा, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. तो माफी मागत नव्हता."

त्यांनी कोण, कुठला असं काहीही विचारलं नाही.

"मग?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द, मोठ्यानं. माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"हळू बोल," ते म्हणाले. "ऐकू येतंय मला."